निवृत्त होणाऱ्या आगगाड्यांचीं छायाचित्रें आणि त्यांवरील पुष्पिका

(१)

हस्तलिखितें जमविणाऱ्या मनुष्याच्या हातीं एखादी पोथी आली म्हणजे तो प्रथम तिचें शेवटचें पान उलटतो. ग्रंथ कोणता हें पहिल्या पानावरून समजतें. परंतु ती प्रत कोणीं, कोठें, कोणत्या शकांत आणि कोणासाठीं उतरली हें पुष्पिकेवरूनच कळतें. पुष्पिका नाहींशी झालेली पोथी वाचतां येते, पण तिला साक्षीस उभें करतां येत नाहीं. हाच न्याय आम्ही प्रस्तुत लेखांत एका निराळ्या साधनास लावून पाहणार आहों. तें साधन म्हणजे रोजच्या ये-जा करणाऱ्या जुन्या आगगाड्या मोडीत निघण्यापूर्वीं घेतलेलीं त्यांचीं छायाचित्रें.

असल्या छायाचित्रांस इतिहासाचें साधन म्हणावें काय, अशी शंका आमच्या कांहीं स्नेह्यांनीं काढली. त्यांचें म्हणणें असें कीं, ताम्रपट, सनदा, पत्रें, बखरी हीं खरीं साधनें. दहा-वीस वर्षांपूर्वींच्या लोकलगाडीचा फोटो हा हौशी तरुणांचा खेळ. ह्यावर आमचें उत्तर एवढेंच आहे कीं, आज आपण ज्यांस साधनें म्हणतों त्यांपैकीं पुष्कळ कागद लिहिले गेले त्या दिवशीं साधनें नव्हते. गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागद १९३० ते १९३४ ह्या काळांत ४५ भागांत प्रसिद्ध केले. राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या नांवाखालीं २२ खंड काढले. त्यांतला किती मजकूर लिहिणाऱ्यानें पुढच्या इतिहासकारास उद्देशून लिहिला होता? कारकुनानें हजेरी मांडली ती पगार वांटण्यासाठीं, आणि जासुदाहातीं पत्र गेलें तें त्या दिवसाच्या कामासाठीं. काम संपलें, कागद माळ्यावर गेला, आणि वाळवीनें जेवढें ठेविलें तेवढ्यावर आपण आज इतिहास लिहितों.

रोजच्या वस्तूस एक शाप आहे. ती सर्वांच्या डोळ्यांसमोर असते म्हणून कोणीच तिची नोंद करीत नाहीं. आणि ती नाहींशी झाली म्हणजे प्रत्येकास वाटतें कीं, दुसऱ्या कोणीं तरी ती केली असेल. ह्या शापाचें एक उदाहरण आमच्याच घरांत घडलें. तें प्रथम सांगतों.

(२)

आमचें गांव तामलवाडी. सोलापुराहून तुळजापुरास जाणाऱ्या रस्त्यावर हें वसलें आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता आणि पलीकडे सोलापुरास इंग्रजी अंमल होता. आमच्या लहानपणीं आगगाड्या ठाऊक होत्या त्या दोन: एक सोलापुरची मोठी, आणि दुसरी आजोळची लहान. आजोळ येडशीच्या बाजूस असल्यामुळें लहान गाडीशीं आमचा परिचय अधिक.

ही लहान गाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप ह्या इंग्रज अभियंत्याच्या खटपटीनें १८९५ सालीं लंडनांत ही कंपनी स्थापन झाली, आणि मार्च १८९७ मध्यें बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत गाडी धांवूं लागली. दोन रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट. कॅल्थ्रॉपचा सिद्धांत असा होता कीं, कोणत्याही आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं. भार सर्व आंसांवर सारखा वांटला तर हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेतां येतो, हें त्याला दाखवून द्यावयाचें होतें. ह्या बेतानें केलेल्या गाड्यांची परीक्षा १८९४ मध्यें लीड्सजवळ न्यूले येथें मुद्दाम रूळ घालून घेण्यांत आली होती. पुढें हा मार्ग १९११ पर्यंत लातुरास पोंचला. दुसऱ्या अंगास तो पंढरपुरास गेला आणि १९२७ मध्यें तेथून मिरजेस जाऊन मिळाला. एकूण लांबी २०२ मैल भरली. १ जानेवारी १९५४ रोजीं सरकारनें हा मार्ग कंपनीकडून घेतला आणि तो मध्य रेल्वेंत समाविष्ट झाला.

इंग्रजी ग्रंथांत ह्या मार्गाची कीर्ति आहे ती त्याच्या बांधणीबद्दल आणि इंजिनांबद्दल. आमच्या भागांत त्याची ओळख वेगळी होती. बार्शीच्या बाजारास जाणारे शेतकरी, लातुरास माल पाहण्यास निघालेले व्यापारी, कोर्टकचेरीचे पक्षकार, परीक्षेस जाणारीं मुलें आणि आषाढी-कार्तिकीस पंढरीचे वारकरी हे सर्व त्या अरुंद बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून बसत. मुंबईच्या चाकरमान्यास लोकल तशी ती आमच्याकडील लोकांस. तिच्या वेळेवर गांवचीं घड्याळें लावीत, आणि तिच्या उशिरावर गांवचे विनोद चालत.

तो अरुंद मार्ग आतां राहिला नाहीं. सप्टेंबर २००७ मध्यें लातूर ते उस्मानाबाद आणि ऑक्टोबर २००८ मध्यें उस्मानाबाद ते कुर्डुवाडी असा रुंद मार्ग सुरू झाला. जुना मार्ग जिल्ह्याच्या गांवास बगल देऊन जात असे. नवा त्या गांवावरून नेला. ज्याचें नांव आतां धाराशिव झालें आहे त्या गांवास ह्या फेरबदलानें मोठाच लाभ झाला, हें नाकारतां येत नाहीं. ज्या दिवसांत जुने रूळ निघत होते त्या दिवसांत आम्ही शाळेंत मुलांना मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें कोणतीं हें शिकवीत होतों, आणि एक दिवस रजा घेऊन त्या गाडीचें एखादें छायाचित्र घ्यावें हें आमच्या मनांतही आलें नाहीं.

(३)

आमच्या मामांच्या पश्चात् त्यांच्या ट्रंकेंत एक छायाचित्र सांपडलें. तें तळहाताएवढें, काळें-पांढरें, कडा नागमोडी कातरलेल्या असें आहे. मध्यभागीं धुरानें अर्धें झांकलेलें इंजिन, त्याच्या मागें दीड डबा, आणि त्या डब्याच्या दारांत टोपली घेऊन उभी असलेली एक स्त्री. पाठ कोरी. ना तारीख, ना स्टेशन, ना घेणाऱ्याचें नांव. मामींस विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, "कंपनीच्या राज्यातली गाडी हाय ही, बाळा. तुझ्या आईचं लगीन बी झालं नव्हतं तवा." आम्हीं ती परंपरा तशीच मानली आणि चित्र चौकटींत घालून 'बार्शी कंपनीची गाडी' असें खालीं लिहून ठेविलें.

पुढें सेवानिवृत्त झाल्यावर, मिति नसलेलें पत्र ज्या रीतीनें तपासावें त्या रीतीनें भिंग घेऊन हें चित्र आम्हीं पुन्हां पाहिलें. इंजिनाचा क्रमांक धुरांत गेला आहे. परंतु डब्याच्या अंगावर 'सी. आर.' अशीं दोन रोमन अक्षरें स्पष्ट दिसतात, आणि दाराजवळ तीन उभ्या रेघा आहेत. ह्या दोन खुणांवरून पुढील अनुमानें निघतात.

'सी. आर.' म्हणजे सेंट्रल, अर्थात् मध्य, रेल्वे. कंपनीच्या काळांत डब्यावर हीं अक्षरें असणें शक्य नाहीं. तेव्हां चित्र १ जानेवारी १९५४ च्या पूर्वींचें नव्हे. पुढें ऑक्टोबर १९६६ मध्यें दक्षिण-मध्य रेल्वे निर्माण झाली आणि सोलापूर विभाग तिच्यांत गेला. तो मध्य रेल्वेंत परत आला ऑक्टोबर १९७७ मध्यें. म्हणून चित्र एक तर १९६६ च्या अलीकडे-पलीकडे केव्हां तरी घेतलेलें असावें, नाहीं तर १९७७ नंतरचें. येथें तीन रेघा उपयोगीं पडतात. त्या तिसऱ्या वर्गाची खूण होत, आणि तिसरा वर्ग १९७४ सालीं रद्द झाला. म्हणजे १९७७ नंतरचा पक्ष गळतो. डब्याचा रंग पुढच्या दुरुस्तीपर्यंत तसाच राहतो, हें ध्यानांत घेऊन खालची मर्यादा एक-दोन वर्षें पुढें ढकलावी. परंतु ढोबळ मानानें चित्र १९५४ ते १९६६ ह्या बारा-तेरा वर्षांतलें ठरतें.

मग मामींचें म्हणणें खोटें समजावयाचें काय? आमच्या मतें नाहीं. मार्ग सरकारचा झाल्यावरही लोक कित्येक वर्षें तिला कंपनीचीच गाडी म्हणत. तेव्हां त्यांच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग काळाचा वाचक नसून रूढ नांवाचा वाचक आहे. दुसरा अर्धा भाग मात्र घरांतील एका निश्चित प्रसंगाशीं बांधलेला आहे. आमच्या आईवडिलांच्या लग्नाची पत्रिका उपलब्ध आहे. तिच्यावर वैशाख, शके १८७९, म्हणजे इ. स. १९५७, अशी मिति आहे. हा भाग विश्वसनीय धरला तर चित्राचा काळ १९५४ चा आरंभ आणि १९५७ चा उन्हाळा ह्यांमध्यें येऊन बसतो. एकाच वाक्यांतील अर्धी परंपरा कागदाला उतरली आणि अर्धी उतरली नाहीं. तोंडी परंपरेचा उपयोग करणाऱ्या संशोधकांस हा अनुभव नवा नाहीं.

परंतु एवढी खटपट करूनही स्टेशन कोणतें हें ठरलें नाहीं. इंजिन मध्यभागीं यावें म्हणून मामांनीं कॅमेरा एका अंगास वळविला आणि नांवाचा फलक चित्राबाहेर राहिला. टोपलीवाली बाई कोण, टोपलींत काय, गाडी येत होती कीं जात होती, हें आतां कोणी सांगणार नाहीं. मामा हयात असतां आम्ही त्यांच्याकडे शेकडों वेळां गेलों असूं. पाठीवर पेन्सिलीनें एक ओळ लिहून घेण्यास अर्धा मिनिट लागला असता.

येथें आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. इंजिनांच्या बाबतींत परकीय हौशी लोकांनीं फार चिकाटीनें काम केलें आहे. ह्यू ह्यूज ह्या इंग्रज गृहस्थानें हिंदुस्थानांतील इंजिनांची जंत्री अनेक भागांत प्रसिद्ध केली. तिचा अरुंद मार्गांविषयींचा भाग १९९४ मध्यें निघाला. कोणतें इंजिन कोणत्या कारखान्यांत, कोणत्या क्रमांकाचें आणि कोणत्या वर्षीं झालें हें असल्या जंत्र्यांवरून पाहतां येतें. ही विद्या आपल्या पोथ्यांच्या सूचींसारखीच आहे आणि तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु तिसऱ्या वर्गाच्या दाराशीं उभ्या असलेल्या बाईची जंत्री परक्यांनीं करावी अशी अपेक्षा धरणें बरोबर नव्हे. तें काम घरच्यांचें होतें आणि घरच्यांनीं तें केलें नाहीं.

(४)

हा धडा मनांत ताजा असतां एप्रिल २०१६ मध्यें मुंबईस पुतण्याकडे जाण्याचा योग आला. तो कुर्ल्यास राहतो आणि रोज हार्बर मार्गानें कामावर जातो. त्या दिवसांत तेथें दुसऱ्या एका जुन्या गाडीचे शेवटचे दिवस चालले होते.

मुंबईच्या स्थानिक गाड्यांचा पूर्वेतिहास वाचकांस सामान्यतः विदित आहेच. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास २१ मैलांचा पहिला प्रवास झाला. मुंबईची छायाचित्रण मंडळी स्थापन झाली १८५४ च्या अखेरीस. त्यामुळें त्या पहिल्या दिवसाची आठवण आपणांस मुख्यत्वें वर्तमानपत्रांच्या मजकुरावरून आणि चित्रकारांच्या आकृत्यांवरून आहे. १२ एप्रिल १८६७ रोजीं विरार आणि बॅकबे ह्यांच्या दरम्यान स्थानिक गाडी सुरू झाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ह्या हार्बर मार्गावर चार डब्यांची पहिली विजेची गाडी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन ह्यांच्या हस्तें सोडण्यांत आली. जानेवारी १९२८ मध्यें पश्चिमेकडील कुलाबा-बोरिवली मार्गावरही विजेच्या गाड्या धांवूं लागल्या. ही वीज १५०० व्होल्टची, एकाच दिशेनें वाहणारी, म्हणजे लोक जिला 'डी. सी.' म्हणतात ती होती.

ही पद्धति पुढें अपुरी पडली, त्याचें कारण साधें आहे. दाब कमी असला म्हणजे तेवढीच शक्ति पोंचविण्यास प्रवाह फार मोठा लागतो. गाड्यांचे डबे चारांचे नऊ, नवांचे बारा आणि बारांचे पंधरा झाले, तशी ती ओढाताण वाढत गेली. तारा जाड हव्यात, आणि वीजपुरवठ्याचीं ठाणीं जवळजवळ हवींत. उलट २५,००० व्होल्टच्या, दिशा पालटणाऱ्या 'ए. सी.' प्रवाहानें हीच शक्ति थोड्या खर्चांत नेतां येते. म्हणून मुंबईचे मार्ग एकामागून एक नव्या प्रवाहावर आणण्यांत आले. पश्चिम मार्गावरील काम फेब्रुवारी २०१२ मध्यें पुरें झालें. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचा मुंबईकडील शेवटचा तुकडा जून २०१५ मध्यें बदलला. उरला तो हार्बर. ९ एप्रिल २०१६ च्या रात्रीं कुर्ल्याहून छत्रपति शिवाजी टर्मिनसकडे शेवटची डी. सी. लोकल गेली. १९२५ मध्यें ज्या मार्गावर ह्या विजेचा आरंभ झाला, त्याच मार्गावर ९१ वर्षांनीं तिची समाप्ति झाली.

त्या रात्रीं आम्ही पुतण्याबरोबर कुर्ल्याच्या फलाटावर होतों. गर्दी दाटली होती, आणि जो तो मोबाइल उंच धरून गाडीचें तोंड टिपीत होता. पुतण्या मात्र हात खिशांत घालून उभा. आम्हीं कारण विचारलें तेव्हां तो म्हणाला, "काका, आजचे फोटो सगळेच काढतायत. माझं काम मागच्या वर्षीच संपलं." ह्या उत्तराचा अर्थ आम्हांस घरीं गेल्यावर कळला.

त्याच आठवड्यांत घडलेली दुसरी गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. १२ एप्रिलच्या पहाटे दहा टांक्यांतून पांच लाख लिटर पाणी घेऊन मिरजेहून निघालेली गाडी दुष्काळग्रस्त लातुरास पोंचली. ती आली ती आमच्या जुन्या बार्शी मार्गाच्या रुंद झालेल्या वाटेनें. तिचीं छायाचित्रें देशभर छापलीं गेलीं, आणि तें योग्यच झालें. परंतु त्याच वाटेनें जवळजवळ शंभर वर्षें माणसें नेणाऱ्या गाडीचें एक धड चित्र आमच्या घरांत नाहीं. अपूर्व प्रसंगाला छायाचित्रकार आपोआप मिळतो. नित्याच्या गोष्टीस तो मिळवावा लागतो.

(५)

पुतण्यानें जें बाड आमच्यापुढें ठेविलें त्यांत सव्वाशे छायाचित्रें होतीं. तीं त्यानें तीन वर्षें, कामावर जातां-येतां, एक-दोन करून घेतलीं होतीं. गाडीचें तोंड त्यांत थोडें. बाकी सर्व अंगोपांगें. डब्यावर रंगविलेला क्रमांक, कारखान्याची पट्टी, कोठें कलकत्त्याचा जेसॉप तर कोठें मद्रासचा सरकारी कारखाना, दाराच्या मधोमध असलेला, लाखों हातांनीं गुळगुळीत केलेला खांब, वरच्या कड्यांची रांग, जाळीच्या खिडक्या, पंख्याचें झांकण, स्त्रियांच्या आणि पहिल्या वर्गाच्या डब्यांवरील तिरके पट्टे, मालडब्यांतली मोकळी जागा. प्रत्येक चित्राच्या पाठीवर तारीख, वेळ, स्टेशन, फलाट, गाडी कोठून कोठें, डबा कितवा, आणि घेणाऱ्याचें नांव. हें वाचतांना आम्हांस एखाद्या सावध लेखकानें उतरलेल्या पोथीची आठवण झाली.

पाठीवरील ओळीची किंमत एका उदाहरणानें स्पष्ट होईल. लोकलच्या कपाळावर कोठें जावयाचें त्याचें संक्षिप्त रोमन अक्षर असे. मध्य रेल्वेवर कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीस 'एन्' आणि कर्जतकडे जाणारीस 'एस्' हें अक्षर. ह्या अक्षरांचा त्या गांवांच्या नांवांशीं कांहीं संबंध नाहीं. एक मार्ग उत्तरेकडचा आणि दुसरा दक्षिणेकडचा, म्हणून तीं दिलेलीं. 'ए' हें अक्षर तर मध्य रेल्वेवर अंबरनाथचें आणि पश्चिम रेल्वेवर अंधेरीचें. पन्नास वर्षांनीं एखाद्या संशोधकाच्या हातीं केवळ 'ए' अक्षराचें चित्र पडलें तर तो अंबरनाथ आणि अंधेरी ह्यांच्यामध्यें हेलकावे खाईल, आणि 'एस्' दिसलें तर तें सोलापूर समजण्यासही कमी करणार नाहीं. मोडींतील संक्षेपांनीं आपणांस कसें फसविलें आहे हें ज्यांस ठाऊक आहे त्यांना अधिक सांगावयास नको.

चित्रांत न मावणाऱ्या गोष्टीही त्यानें टिपल्या होत्या. स्थित्यंतराच्या वर्षांत कांहीं गाड्या दोन्ही प्रकारच्या विजेवर चालत. एका प्रवाहाचा प्रदेश संपून दुसऱ्याचा सुरू होतो तेथें मध्यें थोडी वीजहीन तार असते. ती ओलांडतांना डब्यांतले दिवे आणि पंखे क्षणभर बंद पडत. नेहमीच्या प्रवाशास त्यांत विशेष वाटत नसे. पुतण्यानें ती जागा, तेथील खांबाचा क्रमांक आणि अंधाराचे सेकंद लिहून ठेविले होते. प्रवाह एक झाल्यावर तो अंधारही गेला.

ह्या बाडांत आम्हांस एक उणीव दिसली आणि ती आम्हीं त्याला सांगितली. सव्वाशे चित्रांत माणूस जवळजवळ नाहीं. गाडी रिकामी होण्याची वाट पाहून, नाहीं तर ती बाजूच्या रुळावर उभी असतां त्यानें चित्रें घेतलेलीं. आम्हीं म्हटलें, "बाबा, वाडा टिपलास, पण वाड्यांतलीं माणसें कोठें आहेत?" त्यावर तो म्हणाला, "न विचारता कोणाचे फोटो काढायचे काका? तेही दमून उभं असलेल्या माणसांचे?" ह्या उत्तरानें आम्ही निरुत्तर झालों, कारण टोपलीवाल्या बाईसही मामांनीं विचारलें नसावेंच. शेवटीं तोड निघाली ती अशी. लोकलमध्यें वर्षानुवर्षें एकाच डब्यांतून जाणारीं टोळकीं असतात, भजनी मंडळें असतात. ज्यांच्याबरोबर आपण रोज प्रवास करतों त्यांच्या संमतीनें, त्यांना दाखवून, त्यांच्याच डब्यांत चित्रें घ्यावीं. बाकीच्या गर्दीची नोंद शब्दांनीं करावी. ती कमी प्रतीची नव्हे.

(६)

हा विषय आतां मागील काळाचा राहिला नाहीं, हें सांगणें आवश्यक आहे. स्थानिक गाडीच्या डब्याचें ठरीव आयुष्य २५ वर्षांचें. तें संपलें कीं डबा भंगारांत निघतो. इंजिनास क्वचित् एखाद्या संग्रहालयाचें अंगण लाभतें. दुसऱ्या वर्गाच्या डब्यास तें सहसा लाभत नाहीं. २५ डिसेंबर २०१७ रोजीं पश्चिम रेल्वेवर वातानुकूलित, दारें आपोआप मिटणारी पहिली लोकल धांवली. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ दारांत लोंबकळणारे प्रवासी पडून मृत्युमुखीं पडले, आणि त्यानंतर मुंबईसाठीं ह्यापुढें होणाऱ्या नव्या गाड्या आपोआप मिटणाऱ्या दारांच्याच असतील असें रेल्वेनें जाहीर केलें. म्हणजे उघड्या दाराची लोकल ही जात आतां मर्यादित वर्षांची धनी आहे.

तिच्यासाठीं आम्ही शोक करीत नाहीं. जुनें तें सर्वच सोनें नसतें. ज्या उघड्या दारानें हजारोंचे प्राण घेतले तें बंद झालें तर त्यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु संशोधकाचें काम जुन्याची आरती करणें हें नव्हे, तें कसें होतें हें सांगणें हें आहे. दार उघडें कां राहत होतें, त्यांत किती माणसें कशीं उभीं राहत, हातानें धरावयास काय होतें आणि काय नव्हतें, हें उद्यां कोणी विचारील. त्या वेळीं केवळ वारा खाण्याच्या गोड आठवणी आणि केवळ अपघातांचे आंकडे ह्या दोहोंनींही त्याचें समाधान होणार नाहीं. त्याला त्या दाराचें, तारीख-वारासह, विश्वसनीय चित्र लागेल.

(७)

मोबाइल प्रत्येकाच्या खिशांत असल्यामुळें चित्रांस आतां तोटा नाहीं, अशी एक समजूत आहे. तींत तथ्य थोडें आहे. यंत्र चित्राच्या पोटांत तारीख लिहून ठेवतें हें खरें. परंतु तेंच चित्र एका मोबाइलवरून दुसऱ्यावर पाठवितां तो तपशील पुष्कळदां गळून पडतो. कोणी त्याच्या कडा कापतो, कोणी रंग बदलतो, कोणी त्यावर भलतेंच वर्ष लिहितो. मग मूळ प्रत कोणती आणि प्रतीची प्रत कोणती हा प्रश्न पोथ्यांप्रमाणेंच उभा राहतो, आणि येथें तर अक्षराच्या वळणावरून काळ ठरविण्याची सोयही नसते. म्हणून मूळ चित्र न बदलतां वेगळें राखावें, त्याची छापील प्रत काढावी, आणि पाठीवर मऊ पेन्सिलीनें पुष्पिका लिहावी.

पुष्पिकेंत किमान पुढील गोष्टी असाव्या: तारीख आणि वेळ; स्टेशन आणि फलाट; गाडी कोठून कोठें; डब्याचा क्रमांक आणि कारखाना; चित्र घेणाऱ्याचें नांव; चित्रांत माणसें असल्यास त्यांची संमति घेतली कीं नाहीं; आणि चित्राच्या चौकटीबाहेर लगतच काय होतें तें एका ओळींत. ही शेवटची ओळ आम्हीं मामांच्या चित्रावरून शिकलों. चित्रें घेतांना स्टेशनावरील अधिकाऱ्यांस विचारावें आणि रुळांत कदापि उतरूं नये, हें सांगावयास नकोच.

आपल्या मंडळाच्या सभासदांस आमची विनंति अशी कीं, प्रत्येकानें आपल्या घरच्या ट्रंका आणि बाडें एकवार तपासावीं. बार्शी मार्गावरील गाड्या, स्टेशनें, तिकिटें किंवा प्रवासी ह्यांचें चित्र मिळाल्यास, ज्यांस त्याची माहिती आहे अशीं माणसें हयात आहेत तोंवर ती पाठीवर लिहून घ्यावी. मंडळानें अशा चित्रांसाठीं एक स्वतंत्र रुमाल बांधावा. पुतण्याच्या बाडाची एक प्रत त्यांत पहिली म्हणून आम्ही देत आहों.

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव ह्या नव्या लोहमार्गाचें काम सध्यां आमच्या भागांत चालू आहे. त्यावरून पहिली गाडी जाईल त्या दिवशीं चित्रें घेणारांस तोटा पडणार नाहीं. आमच्या शाळेंतील मुलांस आम्हीं एवढेंच सांगून ठेविलें आहे कीं, दुसऱ्या दिवसापासून, गर्दी ओसरल्यावर, त्यांनीं आपलें काम सुरू करावें.

मामांच्या चित्राच्या पाठीवर आम्हीं आतां पुढीलप्रमाणें लिहिलें आहे: 'बार्शी मार्ग, मध्य रेल्वे. काल अनुमानें इ. स. १९५४ ते १९५७. स्टेशन अनिश्चित. दारांतील स्त्री अज्ञात. अनुमानाचीं कारणें सोबतच्या कागदावर.' चौकटीखालील जुनी ओळ पुसली नाहीं. तीवर एक रेघ मारून ती तशीच ठेविली आहे. मार्गाच्या जाणत्या माणसांनीं हें चित्र पाहावें, आणि पार्श्वभूमीवरील निंब व मालधक्का ह्यांवरून स्टेशन ओळखतां आल्यास आम्हांस कळवावें. कळविणाराचें नांव पुष्पिकेंत कृतज्ञतापूर्वक दाखल करूं.